पाव किलो वांगी आणि पर्चेस डिपार्टमेंट

बावीस वर्षं मी पर्चेसमध्ये काढली. भोसरीतल्या एका कारखान्यात नट-बोल्ट, बेअरिंगं, कटिंग ऑइल, पॅकिंगचे खोके, सगळं माझ्या सहीने यायचं. बेअरिंगमागे सव्वादोन रुपये सोडायला तयार नाही म्हणून एका व्हेंडरला मी तीनदा चाकणहून बोलावून घेतलं होतं. आणि घरात तूरडाळ काय भावाने येते, हे मला 2025 च्या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

मे महिन्यात आमचं पर्चेस खातं बंद झालं. हिशेब चुकता करून कंपनीने घरी पाठवलं. वय सत्तेचाळीस, पुण्यात धायरीला टू बीएचके, त्याचा हप्ता 14,500. मीनलच्या हातात पगार येतो 38,000. म्हणजे हप्ता गेल्यावर चार माणसांना 23,500. चार म्हणजे आम्ही दोघं, नववीत गेलेली सई आणि माझी आई.

मीनल म्हणाली, "तू आता घरीच आहेस तर घरचं पर्चेस बघ." तिने ते चेष्टेत म्हटलं होतं. मी मात्र त्याच संध्याकाळी शंभर पानी वही आणली, रकाने आखले.

जूनभर फक्त लिहिलं, काही कमी करायचं नाही असं ठरवून. तीस तारखेला बेरीज आली 37,890, हप्ता सोडून. वाटलं बेरीज चुकली. सईने मोबाइलवर पुन्हा केली. तेवढीच. चौदा हजारांचा खड्डा, तोही ज्या महिन्यात आम्ही "सांभाळून" वागत होतो त्या महिन्यात.

जुलैत मी पहिला बाण मारला तो अर्थातच भावावर. बावीस वर्षांची सवय. दारावरच्या भाजीवाल्या मावशींकडून घेतो म्हणजे आपण लुटले जातो, थेट मार्केट यार्ड गाठायचं. रविवारी पहाटे साडेपाचला गुलटेकडीच्या यार्डात. शनिवारी तिथला फळं-भाजीपाला विभाग बंद असतो, रविवारी तोबा गर्दी. तिथे टोमॅटोचा भाव दहा किलोवर बोलतात आणि मेथी-कोथिंबिरीचा शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर. माझ्यासारख्याला पाच किलो, दहा जुड्या देणारेही असतात. मला तर कारखान्यात परत आल्यासारखं झालं. पाच किलो टोमॅटो, तीन किलो वांगी, दोन किलो भेंडी, मेथीच्या दहा जुड्या, शिवाय दुधी, काकडी, मिरच्या. सगळे मिळून 520 रुपये. हेच दारावर आठशेच्या खाली आलं नसतं. गाडीच्या पुढे-मागे पिशव्या लटकवून मी विजयी वीरासारखा घरी आलो.

आई मेथी निवडायला बसली ती दुपारच्या जेवणापर्यंत उठली नाही. सोमवारी मेथीची भाजी, मंगळवारी मेथीचे पराठे, बुधवारी मेथीची डाळ. बुधवारी सई ताटावरून उठून गेली. गुरुवारी फ्रीजचा खालचा ड्रॉवर उघडला तर भेंडीला बुळबुळीत पाणी सुटलेलं, वांग्यांवर डाग, आणि पाऊस असल्यामुळे टोमॅटो एकमेकांना चिकटून फुटलेले. मीनलने काही न बोलता सगळं पिशवीत भरलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. तीन किलो दोनशे ग्रॅम.

"याला तुमच्यात काय म्हणतात?" तिने विचारलं.

डेड स्टॉक म्हणतात. आणि एखाद्या ज्युनियरने असा स्टॉक केला असता तर मी त्याला केबिनमध्ये बोलावून झापलं असतं.

त्या पिशवीपाशी माझी गाडी रुळावर आली. कारखान्यात किती माल लागणार हे प्रॉडक्शनवाले सांगायचे, माझ्याकडे फक्त भाव. घरात किती लागतं हे कुणीच कधी मोजलेलं नव्हतं. मीनल अंदाजाने आणायची, मी येताना दिसलं ते आणायचो, आणि दोन्ही अंदाज फ्रीजमध्ये भेटायचे. मग भाव सोडून मी मोजायच्या मागे लागलो.

आता मावशींकडून पाव किलो वांगी, पाव किलो गवार, एक जुडी असं एक दिवसाआड घेतो. पहिले चार-पाच दिवस तोंडातून "पाव किलो" निघेना. दोन टन पत्र्याची ऑर्डर देणारा माणूस. मावशींना त्याचं काहीच नव्हतं, त्यांचं निम्मं गिऱ्हाईक पाव किलोचं. भाव किलोमागे दहा-वीस रुपये जास्तच पडतो, पण भाजीचा महिन्याचा खर्च 3,850 वरून 2,650 वर आला. यार्डातून आता फक्त कांदा-बटाटा-लसूण आणतो, तेही शेजारच्या दोन घरांत वाटून. कांद्यातही उन्हाळी असेल तरच जास्त घ्यायचा. तो टिकतो. पावसाळी लाल कांदा पंधरा दिवसांत कोंब काढतो किंवा आतून सडतो. हे ज्ञान आईचं, माझं नाही.

किराण्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. आम्ही महिन्यातून एकदा मोठ्या दुकानात ट्रॉली घेऊन जायचो आणि एकावर एक फुकट असलेलं सगळं त्यात पडायचं. मी तीन महिन्यांच्या पावत्या काढून यादीतल्या आणि यादीबाहेरच्या वस्तू वेगळ्या केल्या. यादीबाहेरच्या दर वेळी हजार-बाराशेच्या. पुन्हा नाक्यावरच्या वाण्याकडे चिठ्ठी द्यायला लागलो. त्याची तूरडाळ किलोला सहा रुपयांनी महाग आहे, पण तो चिठ्ठीत नसलेली डाळ घरी पाठवत नाही.

तेलाचं तर हसू येईल. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो म्हणून आम्ही तोच आणायचो आणि तो महिन्याला जेमतेम पुरायचा. ऑगस्टमध्ये कॅन मिळाला नाही म्हणून लिटरच्या पिशव्या आणल्या. महिना संपला तेव्हा साडेतीन पिशव्या संपलेल्या. स्वयंपाक तोच, पोळ्या तेवढ्याच. "कॅन भरलेला दिसला की हात सैल सुटतो, पिशवी दिसते ना संपताना," आई म्हणाली. लिटरमागे चार रुपये महाग तेल घेऊन दीड लिटर वाचलं.

उलटही अनुभव आला. मोठं पाकीट स्वस्त हे मी गृहीत धरायचो. शाम्पूच्या बाटलीचा आणि पुडीचा मिलीलिटरचा भाव काढला तर आमच्या घरातल्या शाम्पूची पुडीच स्वस्त निघाली. हल्ली पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलीलिटरमागे किती पडतं ते छापणं बंधनकारक आहे, एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात असतं. चष्मा लावून वाचा. साबणाची वडी तीच, भाव तोच आणि वजन मात्र गुपचूप पंचवीस ग्रॅमने कमी, असंही सापडतं.

विजेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण मजा त्यातच होती. जूनचं बिल 2,310 रुपये, 210 युनिटं. महावितरणचं बिल मी आयुष्यात पहिल्यांदा मागची-पुढची बाजू वाचली. घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांना एक दर, आणि 101 ते 300 ला त्याच्या दुपटीहून जास्त. त्यावर वहन आकार, स्थिर आकार, आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभराच्या वरचं प्रत्येक युनिट मला तेरा रुपयांच्या आसपास पडत होतं आणि खालचं सातला. वाचवायचं ते वरचं.

पण वरचं जाळतंय कोण? पार्किंगमध्ये आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी बारीक छापलंय, 3200 इम्पल्स, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. सईला वर घरात उभं केलं, मी खाली मीटरसमोर, दोघं फोनवर. आधी सगळं बंद, फ्रीजसुद्धा. "आता पंखा लाव." मिनिटाला चार लुकलुक. म्हणजे 75 वॅट. "ट्यूब लाव." एक-सव्वा. "गीझर लाव." आणि तो दिवा जो सुटला, मला मोजताच येईना. सईने गणित करून सांगितलं, दोन हजार वॅटचा असेल तर मिनिटाला 107. वॉचमन बाजूला येऊन उभा राहिला, मीटरमध्ये काही गडबड करतोय की काय म्हणून.

खरी गंमत पुढे. सगळं बंद केलं, तरी पाऊण मिनिटाने दिवा एकदा लुकलुकायचाच. काहीच चालू नसताना! सई घरभर फिरली. सेट टॉप बॉक्स, टीव्ही, वायफायचं डबडं, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ. पंचवीस वॅट, रात्रंदिवस. वायफाय सोडून बाकीचं भिंतीवरच्या बटणातून बंद करायला लागलो तर महिन्याला दहा-अकरा युनिटं गेली. टीव्ही सुरू व्हायला आता दोन मिनिटं जास्त लागतात, आईची मालिका सुरू व्हायच्या आधी लावून ठेवावा लागतो.

आईच्या खोलीतला पंखा दिवसाचे सोळा तास फिरतो. तेवढा एक बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा घेतला, 28 वॅटचा. 2,800 रुपये गेले, पण महिन्याला बावीस युनिटं कमी, म्हणजे नऊ-दहा महिन्यांत वसूल. हॉलमधला पंखा चार तास चालतो, तो बदलला असता तर वसूल व्हायला तीन वर्षं लागली असती. तसाच ठेवला.

राहिला गीझर. सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे आणि त्याचे पैसे आम्ही फ्लॅटच्या किमतीतच भरलेत. गरम पाणी सहा ते साडेसात. आम्ही उठणार सातला, आईची अंघोळ आठला, सई शाळा नसली की दहाला. म्हणून गीझर सकाळभर चालू. पावसाळ्यात सोलरचा तसा उपयोग नव्हता, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं आधी लावून बंद करायचा एवढंच पाळलं. ऑक्टोबरपासून मात्र सगळ्या अंघोळी साडेसातच्या आत. या एका गोष्टीवरून घरात जेवढी धुसफूस झाली तेवढी बाकी कशावरून झाली नाही.

औषधांचं आधीच करायला हवं होतं. आईला रक्तदाबाच्या आणि साखरेच्या मिळून चार गोळ्या, महिन्याचे 2,640. डॉक्टरांना विचारलं, जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर चालतील का. त्यांनी चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून दिलं आणि पंधरा दिवसांनी रक्तदाब बघायला बोलावलं. तिथे तीन मिळाल्या, चौथी नाही, ती नेहमीच्या दुकानातून. सगळ्या मिळून 1,000. आईचा विश्वास बसेना. "एवढ्या स्वस्त गोळीने काय उतरणार?" पंधरा दिवसांनी मोजला तर 132 आणि 80. तरी ती अजून म्हणते की पहिल्या गोळीचा रंग छान होता. डॉक्टरांना न विचारता परस्पर गोळ्या बदलू नयेत, हे मात्र खरं.

पेट्रोलचं ऐका. जूनचे 3,200. माझी खात्री होती की मीनलची स्कूटर खाते. तिला म्हटलं पीएमपीच्या बसने जा. मग बसून हिशेब केला. शिवाजीनगरला जाऊन-येऊन 23 किलोमीटर, महिन्याचे 24 दिवस, लिटरला 43 चं अ‍ॅव्हरेज. साडेतेराशेच्या आत. बसला एका वेळचे तीस म्हणजे महिन्याचे 1,440, मासिक पास दीड हजार. स्कूटरचं सर्व्हिसिंग धरलं तरी जवळपास बरोबरी, आणि बसला रोज पाऊण तास जास्त. मग उरलेले साडेअठराशे कुणाचे? माझे. नोकरी नसलेला माणूस नोकरी असलेल्यापेक्षा जास्त फिरत होता. कधी यार्ड, कधी ओळखीच्यांना भेटायला भोसरी, कधी नुसताच "जरा जाऊन येतो." मीनल हसली नाही, वहीत तिने स्वतःच्या हाताने माझ्या नावासमोर आकडा लिहिला.

"किरकोळ" नावाच्या रकान्यात 4,300 होते. बँकेचं स्टेटमेंट काढलं तर दीडशेच्या आतल्या 61 नोंदी, सगळ्या क्यूआर कोडवरून. चहा, क्रीमरोल, रिक्षा, वडापाव, पुन्हा चहा. मोबाइलने पैसे गेल्याचं दुखत नाही हेच खरं. सोमवारी पाचशेची नोट मोडून सुट्टे पाकिटात ठेवायला लागलो. शुक्रवारी पाकिटात वीस रुपये उरलेले दिसले की चहाची तल्लफ आपोआप जाते.

मोबाइलच्या 28 दिवसांच्या पॅकचं गणितही तेव्हाच कळलं. महिन्याचं म्हणून भरतो, पण 28 दिवसांचा हिशेब लावला तर वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. आई इंटरनेट वापरतच नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या आदेशानंतर 2025 च्या सुरुवातीला फक्त बोलण्याचे पॅक निघाले, तिला त्यातला एक मारला.

दूध दोन लिटरवरून दीडवर आणलं. याचा मला अभिमान नाही. आईची संध्याकाळची कपभर कॉफी आपोआप बंद झाली होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कळल्यावर मी माझा दुपारचा चहा सोडला आणि कॉफी परत सुरू केली. दूध दीडच राहिलं.

एका गोष्टीला मीनलने हात लावू दिला नाही. भांडी-फरशीच्या बाईंचे 1,800. मी म्हटलं, मी घरी आहे, मी करीन. ती म्हणाली, "तुझी गेली म्हणून तिची घालवायची?" त्यावर काय बोलणार.

दिवाळीत फराळ निम्मा केला. चकली-शंकरपाळे घरी, लाडू आणि चिवडा पूना मर्चंट्स चेंबरच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या विक्रीतून. ते दर दिवाळीला ना नफा ना तोटा तत्त्वावर विकतात. रांगेत माझ्यापुढे आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ उभे होते. दोघांनीही एकमेकांना "पाहुण्यांसाठी घेतोय" असं सांगितलं.

डिसेंबरची बेरीज 26,450. अजून तीन हजार जास्तच होतात. नोव्हेंबरपासून मी नऱ्ह्यातल्या दोन छोट्या वर्कशॉपची खरेदी बघतो, त्याचे नऊ हजार येतात, म्हणून खड्डा भरतो. नोकरीचं अजून चालूच आहे. मधे एका मुलाखतीत त्यांनी विचारलं, कॉस्ट रिडक्शनचं एखादं उदाहरण सांगा. मी बेअरिंगांचं सांगितलं. तेलाच्या पिशव्यांचं सांगायला हवं होतं.

डिसेंबरचं विजेचं बिल आलं 98 युनिटांचं, 830 रुपये. थंडीमुळे पंखे बंद होते, त्याचं श्रेय आम्ही घेत नाही. तरी सईने ते बिल फ्रीजवर चिकटवलं, दोन अंकी आकड्याभोवती लाल वर्तुळ काढून. जानेवारीचं आलं 104. वरची चार युनिटं कुणी जाळली यावरून घरात दोन दिवस एकमेकांकडे बोटं. सई म्हणे बाबाने मोबाइल रात्रभर चार्जिंगला ठेवला, मी म्हटलं हिने हेअर ड्रायर. शेवटी वही उघडली तेव्हा आठवलं. संक्रांतीला आत्या आणि काका तीन दिवस राहायला होते, आणि दोघांची अंघोळ नऊच्या पुढे.

आई गुळाची पोळी खात होती. म्हणाली, "पुढच्या वेळी आले की आधी त्यांना खाली पार्किंगमध्ये ने आणि तो लाल दिवा दाखव."

सईने वहीत नवीन रकाना आखलाय. पाहुणे.